दाताचे दुखणे आणि बुडालेला रोज

ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असताना पश्चिम महाराष्ट्रातील कोणत्याही साखर कारखान्याच्या परिसरात एक दृश्य हमखास नजरेस पडते. गालावरून डोक्याला फडके बांधलेली, एका बाजूने चेहरा सुजलेली एखादी बाई पहाटेच्या थंडीत फडाकडे निघालेली असते. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागलेला नसतो. कोणी लवंग दिलेली असते, कोणी दाढेखाली मिश्री धरायला सांगितलेले असते, कोणी औषधाच्या दुकानातून कागदात गुंडाळून दोन गोळ्या आणून दिलेल्या असतात. दवाखान्यात का जात नाहीस, असे कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते : ‘आज खाडा पडंल.’

या तीन शब्दांत एका मोठ्या सामाजिक प्रश्नाचे सार आलेले आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. तो कोयता मुकादमाकडून घेतलेल्या उचलीला बांधलेला. दोघांपैकी एकाने काम सोडले तर त्या दिवसाची मजुरी जातेच, शिवाय खाड्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. तालुक्याच्या गावी जायचे तर जाण्यायेण्याचे भाडे, खाजगी दवाखान्याची फी आणि दोघांचा बुडालेला रोज, असा तिहेरी भुर्दंड. या हिशेबात दुखणारी दाढ मागे पडते. ती बाई अडाणी आहे म्हणून असे घडते हे म्हणणे सोपे आहे. परंतु ते खरे नाही. तिच्यापुढे जे पर्याय आहेत त्यांतील सर्वांत स्वस्त पर्याय ती निवडत असते. पर्यायच असे का असावेत, हा विचारावयाचा प्रश्न आहे.

सुखवस्तू माणसाला दातदुखी ही हसण्यावारी नेण्याची बाब वाटते. विनोदी लेखनात आणि हास्यचित्रांत दाताचा डॉक्टर हे कायमचे पात्र होऊन बसले आहे. ज्याला संध्याकाळपर्यंत उपचार मिळण्याची खात्री आहे, त्यालाच हे दुखणे विनोदाचा विषय वाटू शकते. ज्याला ती खात्री नाही, त्याच्या दृष्टीने दाताचे दुखणे म्हणजे झोप, अन्न, काम आणि प्रसंगी जीव हिरावून घेणारी आपत्ती होय. वस्तुतः या दुखण्यावरील उपाय वैद्यकशास्त्राने केव्हाच शोधून ठेवले आहेत. उरला आहे तो प्रश्न वेळेचा, मजुरीचा आणि सार्वजनिक व्यवस्थेचा आहे.

दुखणे थांबते, रोग थांबत नाही

हा प्रश्न समजावून घेण्यासाठी दात कसा किडतो हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. तोंडातील जंतू साखरेवर जगतात आणि तिच्यापासून आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताचे कठीण कवच हळूहळू विरघळते. कवचाखालचा थर तुलनेने मऊ असल्यामुळे तेथून पुढे कीड वेगाने आत उतरते. या टप्प्यापर्यंत दुखणे फारसे नसते. गार किंवा गोड लागले की ठणका उठतो इतकेच. याच वेळी दात साफ करून भरला तर काम एका बैठकीत आणि थोड्या खर्चात होते.

तसे झाले नाही तर जंतू दाताच्या गाभ्यातील नसेपर्यंत पोचतात. शरीराच्या अन्य भागाला सूज आली तर तिला फुगावयास जागा असते. दाताचा गाभा मात्र चारही बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला असतो. म्हणूनच ही वेदना असह्य असते आणि आडवे पडले की ती अधिकच वाढते. काही दिवसांनी नस मरते आणि वेदना एकाएकी थांबते. ‘दाढ शांत झाली’ असे म्हणून घरची माणसे निःश्वास सोडतात. रोगाचा सर्वांत धोक्याचा टप्पा नेमका येथून सुरू होतो. मेलेल्या नसेतून जंतू मुळाच्या टोकाशी उतरतात, तेथे पू साठतो, हाडातून वाट काढून तो हिरडीत, गालात किंवा जबड्याखाली पसरतो. खालच्या दाढांचा पू जिभेखालच्या आणि हनुवटीखालच्या जागेत उतरला तर जीभ वर ढकलली जाऊन श्वासाचा मार्गच बंद होऊ शकतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली या विकाराचे वर्णन केले आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. प्रतिजैविकांच्या युगातही उशिरा आणलेला असा रुग्ण दगावू शकतो.

दुकानातून आणलेल्या गोळ्यांचे मर्मही येथेच कळते. प्रतिजैविकाने काही काळ सूज उतरते. परंतु पुवाचा उगम दातात असतो आणि मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच नसल्यामुळे औषध तेथपर्यंत पोचत नाही. पू काढून देणे आणि दाताच्या मुळांतील नलिका साफ करणे किंवा तो दात काढणे, हाच खरा उपचार होय. नुसत्या गोळ्यांवर दिवस ढकलणे म्हणजे कर्जाचे नूतनीकरण करण्यासारखे आहे. मुद्दल तसेच राहते आणि व्याज वाढत जाते. शिवाय अर्धवट घेतलेल्या प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे होतात, ही साऱ्या समाजाची हानी वेगळीच.

अज्ञानाचा बाजारही या दुखण्याभोवती भरलेला आहे. दाढेत किडे असतात अशी समजूत अद्याप गावोगाव आहे. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडून दाखविणारे आणि त्याचे पैसे घेणारे लोक आहेत. दाताच्या किडीत डोळ्यांना दिसणारा किडा नसतो. दाखविला जातो तो हातचलाखीचा किंवा बियांतील अंकुराचा प्रकार असतो. वरची दाढ काढली की दृष्टी जाते, ही अशीच दुसरी समजूत. तिच्यामुळे कितीतरी माणसे पुवाने भरलेली दाढ वर्षानुवर्षे तोंडात बाळगतात. डोळ्यांची नस आणि दाताची नस वेगळी आहे, हे कोणीतरी त्यांना विश्वासात घेऊन सांगावयास हवे. मात्र अंधश्रद्धेवर टीका करताना एक भान ठेवावे लागते. जेथे दंतवैद्य पोचत नाही तेथे धुरीवाला पोचतो. आणि तो बाजाराच्या दिवशी, लोकांच्या सोयीच्या वेळी पोचतो.

उशिराचे अर्थशास्त्र

दातावरील उपचारांची एक उतरंड आहे. वेळेवर दात भरला तर खर्च काही शेकड्यांत. नस किडल्यावर मूळनलिकेचा उपचार आणि वर टोपी बसविणे म्हणजे काही हजार रुपये आणि अनेक खेपा. ते परवडत नाही म्हणून दात उपटला तर पैसा कमी लागतो, परंतु दात कायमचा जातो आणि चावण्याची शक्ती घटते. काहीच न करता पू पसरला तर रुग्णालयात दाखल होणे, शस्त्रक्रिया, प्रसंगी अतिदक्षता विभाग. पहिल्या पायरीवर जो खर्च समाजाला जड वाटतो, तोच शेवटच्या पायरीवर अनेक पटींनी करावा लागतो.

अमेरिकेसारख्या संपन्न देशात याचे जे उदाहरण घडले ते अंगावर काटा आणणारे आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये मेरीलँड राज्यात बारा वर्षांचा एक मुलगा मरण पावला. त्याच्या दाताच्या गळवातील जंतू मेंदूपर्यंत पोचले होते. तो दात वेळीच काढावयास सुमारे ८० डॉलर लागले असते. प्रत्यक्षात मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक आठवडे तो रुग्णालयात राहिला, खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला आणि मुलगा वाचला नाही. गरिबांसाठी तेथे शासकीय विमा योजना नव्हती असे नाही. परंतु त्या कुटुंबाचे संरक्षण मध्येच खंडित झाले होते आणि योजनेतील मुलांना तपासावयास तयार असणारा दंतवैद्य मिळणे दुरापास्त होते. श्रीमंती आणि वैद्यकीय प्रगती या दोन्ही गोष्टी असूनही मधली साखळी तुटली की काय होते, हे या घटनेने जगाला दाखविले.

भारतातील ऊसतोड स्त्रियांच्या बाबतीत ही तुटलेली साखळी आणखी एका रूपात समोर आली होती. बीड जिल्ह्यातील या स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली ऐरणीवर आला आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. दुखणाऱ्या अवयवावर उपचार करावयास वेळ नाही, तेव्हा अवयवच काढून टाकावा आणि मजुरी चालू ठेवावी, हा जो तर्क तेथे दिसला तोच दाताच्या बाबतीत रोज अमलात येतो. फरक इतकाच की, दात गेल्याची चौकशी कोणी करीत नाही.

बाजार येथे का अपुरा पडतो

‘दंतवैद्यांची संख्या वाढली की प्रश्न आपोआप सुटेल’ असे मत पुष्कळदा मांडले जाते. या मताची परीक्षा अनुभवाने झालेली आहे. १९२० साली कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले. आज देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालये आहेत आणि नोंदणीकृत दंतवैद्यांची संख्या अडीच लाखांपलीकडे गेली आहे. यांतील बहुसंख्य महाविद्यालये खाजगी आहेत. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील शासकीय महाविद्यालये आणि मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय यांनी गोरगरिबांची मोठी सेवा केली. परंतु १९८० च्या दशकानंतर वाढ झाली ती मुख्यतः विनाअनुदानित क्षेत्रात.

परिणाम असा झाला की, पुण्या-मुंबईच्या एकेका रस्त्यावर चार-चार दंतचिकित्सालयांच्या पाट्या दिसतात, तरुण पदवीधर तुटपुंज्या पगारावर दुसऱ्याच्या दवाखान्यात राबतात आणि तिकडे तालुक्याच्या आतील गावांत पन्नास वर्षांची माणसे बोळक्या तोंडाने भाकरी दुधात कुस्करून खातात. एकीकडे रिकामे बसलेले कौशल्य, दुसरीकडे उपचाराविना वेदना. कोठारे भरलेली असताना माणसे उपाशी राहतात, त्यातलाच हा प्रकार आहे. बाजार गरज ओळखीत नाही. तो खिशातील पैशाचा आधार असलेली मागणी ओळखतो. भरमसाठ शुल्क भरून पदवी घेतलेल्या तरुणाने गावात जाऊन अल्प फीवर बसावे, अशी अपेक्षा नीतिमत्तेच्या आधारावर करता येईल, अर्थशास्त्राच्या आधारावर करता येणार नाही.

दुसरे असे की, वेदनेने तळमळणारा माणूस हा चिकित्सक ग्राहक असू शकत नाही. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवेचा बाजार अन्य बाजारांसारखा का नसतो, हे दाखवून दिले आहे. रोग केव्हा येईल हे अनिश्चित असते आणि उपचाराविषयीचे ज्ञान विकणाऱ्याकडे असते, घेणाऱ्याकडे नसते. रात्री दोन वाजता सुजलेला गाल धरून बसलेला मजूर चार ठिकाणी भाव विचारीत फिरू शकत नाही. वेल्समधील खाणकामगारांच्या वस्तीत आयुष्य घालविलेले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली याच अनुभवाला नियमाचे रूप दिले. जेथे वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक तेथे ती सर्वांत कमी मिळते आणि बाजाराचा वरचष्मा जितका अधिक तितका हा विपर्यास तीव्र होतो, असे त्यांचे निरीक्षण होते. ऊसतोड मजुरांच्या तळावर ते तंतोतंत पटते.

मोफत उपचार आणि महाग वेळ

मग शासन काय करते? काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१४-१५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम हाती घेतला. अनेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सकाचे पद आणि दंतखुर्ची आली. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. हा निर्णय स्वागतार्हच होता.

तथापि केसपेपर मोफत झाला तरी रोज मोफत होत नाही. बाह्यरुग्ण विभागाची मुख्य वेळ सकाळची. मजुराच्या कामाची वेळही तीच. तालुक्याला जाऊन रांगेत उभे राहून परत येईपर्यंत दिवस संपतो. खुर्ची आहे तर साहित्य नाही, साहित्य आहे तर क्ष-किरण यंत्र बंद, सर्व काही आहे तर डॉक्टर प्रशिक्षणाला गेलेले, असा अनुभव पदरी पडला की माणूस दुसऱ्या खेपेला येत नाही. आला तरी दात भरण्याची वेळ निघून गेलेली असते आणि काढणे एवढेच उरते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर तर सामान्यतः दंतवैद्यच नसतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर शासनाने सेवेची किंमत शून्यावर आणली, पण तिच्यासाठी मोजावा लागणारा वेळ तसाच ठेवला. आणि रोजंदारीवरील माणसाजवळ विकण्यासारखी एकच वस्तू असते, ती म्हणजे त्याचा वेळ.

विमा योजनांचे गणितही येथे उलटे पडते. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याभोवती आहे. दाढ किडली तेव्हा ती भरून घेण्यासाठी या योजनांचा उपयोग होत नाही. पू मानेत उतरून माणूस दाखल झाला की योजनेचे दार उघडते. प्रतिबंधाला पैसा नाही आणि आपत्तीला आहे, अशी ही व्यवस्था झाली. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के भार लोक थेट आपल्या खिशातून उचलीत होते. दाताचा खर्च प्रामुख्याने याच खिशातला. दंतमंजनासारख्या नित्याच्या वस्तूकडे पाहण्याची दृष्टीही बोलकी होती : सप्टेंबर २०२५ पर्यंत टूथपेस्टवर १८ टक्के वस्तू व सेवा कर होता, तो त्यानंतर ५ टक्क्यांवर आला. त्याच्या चार वर्षे आधी, २०२१ साली, जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला होता.

याच्या उलट एक जुने तत्त्व आपल्या देशातच उपलब्ध आहे. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कामगार राज्य विमा योजनेने संघटित कामगाराला औषधोपचार दिला आणि त्याबरोबर आजारपणातील बुडालेल्या वेतनापोटी रोख भत्ताही दिला. उपचार आणि वेतन या दोहोंची सांगड घातल्याशिवाय कामगार दवाखान्याची पायरी चढू शकत नाही, हे त्या पिढीतील धुरीणांनी ओळखले होते. त्या योजनेच्या कारभारात दोष पुष्कळ आहेत, परंतु तत्त्व निर्दोष आहे. ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम आणि शेतमजुरी यांतील कोट्यवधी माणसांपर्यंत ते पोचलेले नाही, हे दुःख आहे.

दातांवरून दिलेला राजीनामा

‘क्षय, कर्करोग, बाळंतपणातील मृत्यू असे प्रश्न समोर असताना दातांचे काय घेऊन बसलात?’ असा आक्षेप कार्यकर्त्यांतूनही येतो. त्याला इतिहासाने एक उत्तर दिलेले आहे. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा दातांवरील उपचार आणि कवळ्या मोफत होत्या. पहिल्या काही महिन्यांतच लोकांची इतकी रीघ लागली की, पिढ्यान्‌पिढ्या दडपलेली गरज एकदम उघडी पडली. १९५१ मध्ये कोरियन युद्धाच्या निमित्ताने शस्त्रसज्जतेचा खर्च वाढला आणि मजूर पक्षाच्याच अर्थमंत्र्यांनी कवळ्या व चष्मे यांवर आकार बसविला. ज्यांनी ही सेवा उभारली ते अन्यूरिन बेव्हन मंत्रिपद सोडून बाहेर पडले. हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हेही गेले. वाचवावयाची रक्कम फार मोठी नव्हती. बेव्हन यांचे भांडण तत्त्वाचे होते : एकदा दात सेवेच्या बाहेर काढले की पुढे काय काय बाहेर जाईल याला मर्यादा राहणार नाही.

पुढची वाटचाल त्यांची भीती निराधार नव्हती हेच सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टल शहरात राष्ट्रीय सेवेचे रुग्ण घेणारा एक दंतदवाखाना उघडला तेव्हा शेकडो माणसे रस्त्यावर रांगेत उभी राहिली आणि गर्दी आवरण्यास पोलीस यावे लागले. दुसऱ्या बाजूला ब्राझीलने २००४ मध्ये लूला यांच्या कारकीर्दीत दंतसेवा सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत गोवण्याचा व्यापक कार्यक्रम घेतला आणि २०२३ साली तिला कायद्याचे अधिष्ठान दिले. ब्राझील हा काही युरोपसारखा धनाढ्य देश नव्हे. तेव्हा प्रश्न ऐपतीइतकाच इच्छाशक्तीचाही आहे.

पहिल्या तासात काय करावे

व्यवस्था बदलेपर्यंत दुखणे थांबत नाही. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याला काही गोष्टी ठाऊक असणे अगत्याचे आहे.

गालाची किंवा जबड्याखालची सूज वाढत असेल, ताप असेल, तोंड उघडेनासे झाले असेल, गिळताना त्रास होत असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा श्वास अडखळत असेल, तर रात्र असो वा दिवस, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून त्या माणसाला मोठ्या रुग्णालयात न्यावे. ‘सकाळपर्यंत पाहू’ असे म्हणू नये. बाहेरून गरम शेक देऊ नये, सूज स्वतः फोडू नये. मधुमेही माणसाच्या बाबतीत तर दुप्पट घाई करावी. गर्भवती स्त्रीला ‘बाळंतपणानंतर ये’ असे सांगून परत पाठविण्याची रीत चुकीची आहे. दाताचा तातडीचा उपचार तिलाही मिळू शकतो आणि मिळाला पाहिजे.

खेळताना किंवा अपघातात मुलाचा पक्का दात मुळासकट निखळला तर तो टाकून देऊ नये. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये. मळला असल्यास घासू नये. दुधाने किंवा स्वच्छ गार पाण्याने क्षणभर धुवावा आणि शक्य असल्यास त्याच्या जागी बसवून रुमालावर हलके चावून धरावयास सांगावे. ते जमले नाही तर दुधात बुडवून तासाभराच्या आत, जमल्यास त्याहूनही लवकर, दंतवैद्याकडे न्यावा. असा दात पुन्हा रुजू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. दात काढल्यावर रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापसाची किंवा कापडाची घडी वीस-तीस मिनिटे घट्ट चावून धरावी. तरीही न थांबल्यास रुग्णालय गाठावे. दुखऱ्या दाताशेजारी हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवण्याची सवय घातक आहे, तिने हिरडी भाजते. तंबाखू आणि मिश्री यांनी वेदना क्षणभर बधिर होते, पण तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी होते. तोंडातील जी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा पंधरा दिवसांत बरा होत नाही, तो विनाविलंब डॉक्टरांना दाखवावा.

मागणी कोणती करावयाची

मोर्चे आणि निवेदने पुष्कळ निघतात. मागणी नेमकी असली तरच तिला वजन येते. पहिले काम माहिती गोळा करण्याचे आहे. आपल्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात दंतशल्यचिकित्सकाचे पद मंजूर आहे काय, भरलेले आहे काय, खुर्ची चालू आहे काय, गेल्या वर्षी किती दात भरले आणि किती काढले, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येते. भरलेल्या आणि काढलेल्या दातांचे प्रमाण हे त्या दवाखान्याचेच नव्हे, तर त्या तालुक्यातील उपचाराला होणाऱ्या उशिराचे माप आहे. ही आकडेवारी रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत आणि ग्रामसभेत ठेवावी.

त्यानंतरच्या मागण्या चार. आठवड्यातून निदान दोन दिवस संध्याकाळी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी दिवसभर दंतविभाग उघडा असावा. डॉक्टरांची पदे त्या प्रमाणात वाढवावीत, आहेत त्यांच्याच पाठीवर ओझे टाकू नये. जिल्हा रुग्णालयात दातांच्या तातडीच्या उपचारांची सोय चोवीस तास असावी. विमा योजनांतून दात भरणे आणि मूळनलिकेचा उपचार यांसाठी बाह्यरुग्ण संरक्षण मिळावे. चौथी मागणी ऊसतोड मजुरांची : गाळप हंगामात प्रत्येक कारखान्याच्या तळावर फिरते दंतपथक ठरलेल्या वारी यावे आणि उपचाराच्या दिवशी खाडा लावण्यास मनाई असावी. या मजुरांसाठी शासनाने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन केले आहे. अशा पथकाचा खर्च त्याच्या कामात सहज बसू शकतो. काम शोधणाऱ्या तरुण दंतवैद्यांनाही या पथकांत पगारी काम मिळेल. गरज आणि कौशल्य यांची जी गाठ बाजाराला घालता आली नाही, ती सार्वजनिक प्रयत्नाने घालता येईल.

या मागण्यांत अशक्य काही नाही. ज्या उसाची साखर साऱ्या देशाच्या तोंडी लागते, तो तोडणाऱ्या बाईला दुखऱ्या दाढेवर वेळेत उपचार मिळावा आणि त्यापायी तिचा रोज बुडू नये, एवढेच हे मागणे आहे. येत्या गाळप हंगामाच्या प्रारंभी निदान एका कारखान्याच्या तळावर तरी हे घडवून आणण्याचा संकल्प एखाद्या तालुक्यातील कार्यकर्त्यांनी सोडला, तर बाकीच्या तालुक्यांना दाखविण्यासारखे काही हाताशी येईल.